मुराळ्याच्या गाडीला मागची सीट

निकिताच्या गाडीला मागची सीट नव्हती, आणि ती तिनं मुद्दामच बसवली नव्हती.

गाडी मोठी झकास. जुन्या थाटाची, गोल दिव्याची, टपोऱ्या टाकीची. चालू केली की तिच्या गावच्या, पिंगळीच्या स्टेशनावर झोपलेली कुत्री उठून बसायची. परभणीतल्या कुण्या हौशी पोराची ती होती. त्यानं मागची सीट काढून टाकली, पुढं स्प्रिंगवर डुलणारी एकट्यापुरती गादी बसवली, मागच्या मडगार्डला शोभेपुरत्या दोन बारीक पट्ट्या लावल्या, आणि हौस फिटल्यावर गाडी विकायला काढली. निकितानं ती पेट्रोल पंपावरच्या नोकरीच्या जोरावर घेतली. लोक म्हणाले, पोरीच्या जातीला स्कूटी बरी दिसते. निकिता म्हणाली, मग तुमी घ्या की स्कूटी, मी कुठं नको म्हणलं.

मागं सीट नसण्याचं सुख काय असतं ते तिलाच विचारावं. गावात एखादी पोरगी मोटारसायकल चालवायलीय म्हटलं की आधी तोंडं वाकडी होतात, आणि थोड्याच दिवसांत तीच तोंडं 'जरा परभणीपस्तोर सोड की' म्हणत दारात उभी राहतात. त्यात चुलतभाऊ भारतचं दुखणं निराळंच. त्याला मागं बसायचं नव्हतं, पुढं बसायचं होतं. 'तू मागं बस, मी चालवतो, बाईमाणसानं चालवलेली बरी दिसत न्हाई,' असं तो चारचौघांत सांगायचा. निकिता गादीकडं बोट दाखवायची. एकच जागा हाय दादा, आन तिच्यावर मी बसलेय. तिथं विषय संपायचा.

तर अशी ही गाडी आणि अशी ही पोरगी. आता तिच्या बहिणीचं ऐका.

वैष्णवी थोरली. तिला देवगाव फाट्यापासून आत, काळ्या रानातल्या एका वस्तीवर दिलेली. नवरा महारुद्र, सासू सुलाबाई, सासरा लग्नाआधीच वारलेला. आपल्याकडची रीत अशी की सासरी गेलेली लेक सणाला आपल्या पायानं माहेरी येत नाही. माहेराहून मूळ, म्हणजे बोलावणं, जावं लागतं. न्यायला जातो तो मुराळी, आणि मुराळी म्हणजे भाऊ. बापानं जायचं नाही, कारण लेकीच्या पदरात लेकरू येईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. निकिताचे वडील बन्सीधर यांना तर दोन लेकीच. म्हणून पहिल्या नागपंचमीला पुतण्या भारत गेला, पाहुणचार खाऊन, मानाचा टॉवेल खांद्यावर टाकून वैष्णवीला घेऊन आला. तिथंच त्याला स्वतःचा भाव कळला.

दुसऱ्या खेपेला, दिवाळीच्या तोंडाला, तो म्हणाला, "काका, मूळ जायचं तर ढंगाची गाडी लागती. निकीची गाडी माझ्या नावानं करा, जलमभर मुराळी होतो." बन्सीधर यांनी निकिताकडं बघितलं. निकितानं तोंडावर नाही म्हणून सांगितलं. भारत रुसला आणि दिवाळी तशीच गेली.

सुलाबाईला हेच पाहिजे होतं. पंचमीच्या टायमाला सोयाबीनची खुरपणी ऐन भरात असते, आणि वैष्णवीसारखे खुरप्याला बसणारे हात घरातच असल्यावर ते कोण सोडील? पण तसं म्हणायचं नाही. मूळ आलं न्हाई, मग मी कशी धाडू, रीत मोडू का, असं ती हात वर करून सांगायची. दिवाळीला मूळ नाही, पुढच्या पंचमीला मूळ नाही, दरवेळी पुढं रीत. बन्सीधर यांनी निरोप धाडला की पोरीला यष्टीत बसवून द्या, आमी परभणीला उतरून घेतो. उलटा निरोप आला, आमची सून काय बेवारशी हाय का, चिखल तुडवत फाट्यावर जायला?

यंदाच्या उन्हाळ्यात एका लग्नात निकिताची आणि सुलाबाईची गाठ पडली. वैष्णवीला घरी ठेवून सुलाबाई एकटीच आली होती. निकितानं सरळ सांगितलं, "मावशी, पंचमीला मी येते मूळ घेऊन." सुलाबाईनं मांडवाबाहेर उभ्या गाडीकडं बघितलं, मग शेजारच्या बायकांकडं बघितलं आणि म्हणाली, "ये की. आन माझ्या सुनेला कुठं बसवशील, मडगार्डावर?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. निकिता जेवायच्या पंगतीला न बसताच घरी आली. त्या हसण्यानं तिच्या अंगाची आग आग झाली होती.

आणि मग श्रावण लागायच्या तोंडाला वैष्णवीचा फोन आला. दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून, बांधाच्या आडून, दबक्या आवाजात.

"निके, यंदा कुणीतरी ये गं. खुरपायला आलेल्या बायका मला विचारायल्यात, तुला माहेर हाय का न्हाई."

निकिता तेव्हा पंपावर एकाच्या गाडीत पेट्रोल सोडत होती. पेट्रोल टाकीबाहेर आलं, त्याच्या पँटीवर सांडलं, तो तिच्या नावानं शिमगा करायला लागला, तरी तिला काही ऐकू आलं नाही. येते, एवढंच ती फोनमध्ये म्हणाली. मग फडक्यानं त्या माणसाची टाकी पुसली आणि सुट्टीचं सांगायला मालकाकडं गेली.

परभणीच्या बसस्टँडामागं सूर्यभान मिस्त्रीचं गॅरेज. सूर्यभान म्हणजे पोटावर बनियन वर सरकलेला, सदा कुणावर तरी वैतागलेला माणूस. त्यानं मागच्या मडगार्डाला हात लावून हलवलं. मडगार्ड लटालटा हललं.

"ह्या पट्ट्यांच्या भरवशावर माणूस बसवतीस? चिमणी बसली तरी वाकतील. त्या पोराला शोभा पाहिजे होती, त्यानं शोभा लावली. हिच्या मूळच्या जाड दांड्या मागवाव्या लागतील. पंचमी झाल्यावर येतील."

"पंचमी झाल्यावर काय करू? नागोबाला बसवू मागं?"

"मग मी काय करू?"

"दुसरं काहीतरी लावा."

दुसरं काहीतरी म्हणजे काय, याच्यावर दोघांचं बराच वेळ वाजलं. शेवटी सूर्यभानच म्हणाला की दूधवाले जी जुनी, दणकट गाडी वापरतात तिच्या मडगार्डाला दोन्ही अंगांनी नळीच्या जाड दांड्या असतात. दोन्हीकडं दुधाचे भरलेले कॅन लटकवले तरी त्या हूं की चूं करत नाहीत. पण ती गाडी वेगळी, ही वेगळी. तिच्या दांड्या हिला बसणार नाहीत. निकिता म्हणाली, बसत न्हाईत तर बसवू. दोघं भंगार बाजारात गेले. तिथं एका ढिगातून डावीकडची मिळाली, दुसऱ्या ढिगातून उजवीकडची. एक काळी, एक गंजून तांबडी झालेली. दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांच्या, पण वाकलेली एकही नव्हती.

बसवायला घेतल्यावर खरी गंमत सुरू झाली. पुढची भोकं अशी जुळली की सूर्यभानसुद्धा खूश झाला. मागची जुळेनात. दांडी अंगठाभर उंच पडत होती. सूर्यभाननं गोल कानस घेऊन भोक लांबवलं, तरी बोल्ट शिरेना. मग त्यानं दांडी खाली दाबून, दात-ओठ खाऊन, कसाबसा बोल्ट आवळला, वर एक मागची गादी बसवली आणि म्हणाला, "बस. झालं तुझं काम."

"बसून बघते," म्हणून निकिता बसली. गाडी ठीक होती.

"तू काडीपैलवान. तुझ्यानं काय कळायचंय? बहीण कशी हाय, जाड का बारीक?"

निकितानं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की तिला हे सांगता येत नाही. दोन वर्षांत तिनं वैष्णवीला बघितलंच नव्हतं. लग्नात होती तशी भरल्या अंगाची असेल, का वाळून गेली असेल? तिला हुंदका आला, आणि हुंदक्यापाठोपाठ सुलाबाईचा असा राग आला की तिनं हातातला पाना बाजूच्या खोक्यात फेकला.

"ते मला म्हायती न्हाई मिस्त्री. तुमी जाडच धरा."

सूर्यभाननं हात पुसले. शेजारच्या दुकानातून त्यानं सरकीच्या पेंडीचं पोतं मागून आणलं आणि मागच्या गादीवर टाकलं. निकिता पुढं बसली, गाडी गल्लीतून काढली. पहिल्याच खड्ड्यात मागून खर्र असा आवाज आला. पोत्याच्या वजनानं गाडी खाली बसली आणि चाक मडगार्डाला घासलं. दांडी दाबून बसवायची हुशारी अंगाशी आली होती.

"म्हणलं न्हवतं?" सूर्यभान उखडला. "दुसरीची दांडी ती, हिच्या अंगाला कशी लागंल? सोडून दे नाद. यष्टीनं जा."

"यष्टीचा रस्ता त्या बाईनं आधीच बंद केलाय. दांडी उंच पडतीय ना? मग मडगार्डच उचला. खाली बुश घाला, दांडीला पाहिजे तिथं तिला बसू द्या."

"आन दिसंल कसं?"

"मला मूळ न्यायचंय मिस्त्री, फोटो काढायचा न्हाई."

मडगार्ड उचललं. खाली बुश म्हणजे लोखंडी नळीचे तुकडे घातले, जाड वॉशर घातले, लांब बोल्ट हुडकून आणले. संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली. पोतं टाकून स्टँडापासून स्टेशनापर्यंत दोनदा फिरवली, कुठं घासली नाही, कुठं वाजली नाही. पण दिसायला म्हणाल तर सगळा थाट गेला होता. पुढून राजबिंडी गाडी आणि मागून शेपटी वर केलेली कालवड. एक दांडी काळी, एक तांबडी. निकितानं चारही बाजूंनी बघितलं आणि तिला ती आधीपेक्षा जास्त आवडली.

घरी आल्यावर अंगणात भारत बसलेलाच होता. त्यानं गाडीला एक फेरी मारली.

"निके, काय करून आणलंस हे? वाटोळं केलंस गाडीचं. असू दे, चावी दे, मीच जातो. काका, सांगा हिला. पोरगी मुराळी म्हणून गेली तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

"दोन वर्षं ताई तिकडं रडायलीय, तवा भावकीचं तोंड कुठं होतं?" निकिता म्हणाली. "आता गाडीला सीट बसली म्हणून आलास व्हय? गाडी माझी, बहीण माझी. मधी तू कोण?"

भारतनं काकांकडं बघितलं. बन्सीधर खाटेच्या दोरीशी बोटांनी चाळा करत बसले होते. लेक मूळ घेऊन जाणार ही गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हती, आणि थोरली येणार नाही ही गोष्ट तर त्याहून उतरत नव्हती. "ती सुलाबाई दारातून परत लावील गं," ते म्हणाले, "चारचौघांत अपमान करील."

"करू द्या. घरी बसून काय मान मिळायलाय?"

तिची आई कमलबाई आतून ज्वारीच्या लाह्यांची पिशवी घेऊन आली. तिनं ती कुणाला काही न विचारता नव्या सीटच्या दांडीला बांधली, गाठ ओढून बघितली आणि आत निघून गेली. 

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी निकिता निघाली. परभणी मागं पडली, डांबरी रस्त्यावर गाडी सुतासारखी सरळ चालली, देवगाव फाट्यावर तिनं चहा घेतला. फाट्यापासून आत वळली आणि खरा रस्ता लागला. रस्ता कसला, काळी माती आणि पाऊस. आपल्या मुलखातली काळी माती भिजली की चाकाला सोडत नाही. चाकाबरोबर वर जाते, मडगार्डात जाऊन बसते, थरावर थर चढतो, आणि बघता बघता चाक जागच्या जागी गच्च होतं. म्हणून पावसाळ्यात इकडचा प्रत्येक गाडीवाला सोबत एक काठी बाळगतो. थोडं चालवायचं, उतरायचं, काठीनं चिखल कोरायचा, परत चालवायचं. ज्यानं कोरलं नाही तो गाडी ढकलत घरी जातो.

निकितानंही काठी घेतली होती. ती तिला लागली नाही. उचललेल्या मडगार्डाखाली एवढी जागा होती की चिखल चाकाबरोबर वर जायचा आणि भदाभदा खाली पडायचा. गाडी घसरत होती, पण थांबत नव्हती. सूर्यभानच्या डोक्यात हे नव्हतं, तिच्याही नव्हतं. ती एकटीच मोठ्यानं हसली.

वस्ती जवळ आली तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक मोटारसायकल आडवी दिसली. बाजूला एक माणूस उकिडवा बसून चाकातला चिखल कोरत होता. त्यानं मान वर केली. महारुद्र होता, वैष्णवीचा नवरा.

"निकिता? तू हिकडं कशी?"

"मूळ घेऊन आलेय दाजी."

महारुद्र उभा राहिला. तसा तो वाईट माणूस नव्हता. आईपुढं त्याला बोलता येत नव्हतं एवढंच, पण तेवढं एका बाईचं वाटोळं व्हायला पुरे होतं. "आई ऐकायची न्हाई," तो म्हणाला.

"तुमी सांगा मग."

त्यानं काठी चिखलात खुपसली आणि परत काढली.  त्याची गाडी हलत नव्हती, आणि आभाळ परत भरून आलं होतं.

"बसा मागं," निकिता म्हणाली. "गाडी राहू द्या हितंच, कोण नेणार हाय चिखलात रुतलेली?"

"तुझ्या मागं?"

"पुढं एकच जागा हाय."

महारुद्रनं मागं बघितलं, पुढं बघितलं, रस्त्यावर कुणी नाही याची खातरी केली आणि बसला. दांड्यांनी हूं की चूं केलं नाही.

सुलाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि तिचे हात थांबले. तिचा जवान लेक एका पोरीच्या मागं, सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून दारात आला होता. शेजारच्या घरातल्या दोन बायका तारेच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुझी गाडी कुठंय?" सुलाबाईनं लेकाला विचारलं.

"चिखलानं धरली."

"आन हिची कशी आली?"

"हिचं मडगार्ड वर हाय," महारुद्र म्हणाला आणि पाय धुवायला हौदाकडं गेला.

"मावशी," निकिता गाडीवरून उतरत म्हणाली, "मूळ आणलंय. ताईला धाडा. मडगार्डावर बसवायचं न्हाई, चांगली गादी हाय. तुमच्या लेकालाच विचारा कशी हाय ती."

कुंपणाशी कुणीतरी फसकन हसलं. सुलाबाईनं तिकडं असं बघितलं की हसणं बंद झालं.

"पाणी घे आधी."

"मूळ कबूल करा, मग घेते."

"मुराळी गडीमाणूस असतो. पोरगी मुराळी झालेली कुठं ऐकलीस का तू?"

"तुमी आत्ता बघायलाव की."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"दोन वर्षं सुनेचं माहेर तोडलंव, तवा न्हाई घातलं कुणी?"

निकिता ओट्याच्या कडेवर बसली. लाह्यांची पिशवी तिनं मांडीवर घेतली.  "मूळ रिकाम्या हातानं माघारी जात नसतं," ती म्हणाली. "मी हितंच बसते. पाऊस आला तर पावसात बसते."

आता सुलाबाईची पंचाईत झाली. सणाच्या तोंडावर दारात आलेलं माणूस पाण्यावाचून बसून राहिलं तर वस्तीभर बोभाटा होतो, आणि बोभाटा करणाऱ्या दोघी तर कुंपणाशी उभ्याच होत्या. ती तरातरा आत गेली आणि ताट घेऊन आली. भाकरी, पिठलं, कांदा. ताट निकितापुढं ठेवून म्हणाली, "खा आन जा."

निकितानं ताटाकडं बघितलं. तिला भूक लागली होती. पिठल्याचा वास नाकात शिरत होता.

"हे कुणाचं ताट हाय मावशी?"

"कुणाचं म्हणजे? तुझं."

"मुराळ्याला शेवया वाढतात. भारतला वाढल्या होत्या तुमी. भाकरी-पिठलं पाहुणीचं असतं. मी पाहुणी म्हणून आले न्हाई."

"शेवया पाहिजेत हिला," सुलाबाई कुंपणाकडं बघून म्हणाली. पण कुंपणाकडून काही साथ आली नाही. उलट त्यातली म्हातारी म्हणाली, "मुराळ्याला शेवयाच असतात, सुले." शेवया वाढल्या म्हणजे मूळ कबूल केलं, आणि मुराळी जेवून उठला की सून अडवता येत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच सुलाबाई जागची हलली नाही. निकितानंही भाकरीला हात लावला नाही. पिठलं निवून त्याच्यावर साय धरली.

तेवढ्यात आतून तुपाचा वास आला.

सुलाबाईनं वळून बघितलं. वैष्णवी दारात उभी होती, हातात पितळी आणि पितळीत शेवया. निकिता बघतच राहिली. ताई वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती, बोटांना खुरप्याचे घट्टे पडले होते. मिस्त्रीला उगाच जाड धरायला सांगितलं, असं निकिताच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. वैष्णवी मात्र रडत नव्हती. तिनं भाकरीचं ताट बाजूला सारलं, शेवयांची पितळी निकितापुढं ठेवली, वर गूळ टाकला, तुपाची धार सोडली.

"खा," ती म्हणाली. "मुराळ्याचं हाय."

"कुणाला विचारून केल्यास?" सुलाबाई म्हणाली. "घर कुणाचंय हे?"

"आत्या, आज चतुर्थी. सगळ्या बायकांनी भावाचा उपास धरलाय, मीबी धरलाय सकाळपासनं. मला भाऊ न्हाई. मग मी हा उपास कुणाचा धरला असं तुमाला वाटायलंय?" तिनं निकिताच्या डोक्यावर हात ठेवला. "हिचा धरलाय. दोन वर्षांपासनं हिचाच धरतेय. आज ती आली, तर तिला मी शेवया वाढायच्या न्हाईत तर कुणाला वाढायच्या?"

सुलाबाईचं तोंड उघडं राहिलं.  महारुद्र हौदापाशी धुतलेलेच पाय परत धुवायला लागला.

निकितानं पितळी उचलली आणि खायला सुरुवात केली. शेवया गरम होत्या, जीभ भाजली, तरी ती थांबली नाही. शेवटचा घास घेऊन तिनं पितळी बोटानं पुसून घेतली, वर तांब्याभर पाणी प्याली आणि हात जोडून म्हणाली, "जेवण झालं मावशी. आता धाडा."

 वैष्णवी आत जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवी लगेच आली, म्हणजे ती कालच भरून ठेवली असणार. तिनं सासूला वाकून नमस्कार केला, अगदी रीतीप्रमाणं. सुलाबाईनं तेवढ्यात आपला आवाज गोळा केला.

"पंचमी झाली की परवा सकाळी हितं पाहिजे."

वैष्णवी गाडीपाशी जाऊन थांबली आणि वळली.

"आत्या, दोन वर्षं मूळ आलं न्हाई म्हणून तुमी मला धाडलं न्हाई. बराबर हाय, रीत ती रीत. आता मीबी रीतीनंच येईन. सासरहून न्यायला कुणी आल्याबिगर मला येता येत न्हाई. ह्यांना धाडा. माझ्या बापाच्या दारात येऊन, चार माणसांत, वैष्णवीला न्यायला आलोय असं म्हणू द्या. तवर मी तिथंच हाय."

महारुद्रनं मान वर केली. बायकोनं त्याच्याकडं सरळ बघितलं, आणि या खेपेला त्यानं नजर खाली घातली नाही. 

"आन खुरपणी?" सुलाबाईच्या तोंडून निघून गेलं. दोन वर्षांत ती पहिल्यांदा खरं बोलली होती.

निकितानं गाडी चालू केली. वैष्णवीनं लुगडं सावरलं, एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं टाकून मागच्या गादीवर पक्की बसली, आणि बहिणीच्या कमरेला हात घातला.

"खुरपं वळचणीला खोचलंय," ती म्हणाली. "चल गं निके."